फळांतला चोथा आणि शिशाचे विष

(ऊस विकास विभागाकडून)



या सदरात आपण नेहमी बेणे, लागण, खतांच्या मात्रा, पाचट, खोडवा यांविषयी बोलतो. या अंकात विषय थोडा निराळा घेतला आहे. कारण असे की, आपल्या कार्यक्षेत्रातील कितीतरी घरांतली मुले आज कारखानदारीच्या गावी नोकरीला आहेत. शेती वाटण्या होऊन एकर-दीड एकरावर आली, तेव्हा एक भाऊ रानात आणि एक भाऊ बोईसर-तारापूरला, हा आता घरोघरचा प्रकार झाला आहे. तिकडच्या कामाचे धोके आपल्याला माहीत नसतात आणि माहिती येते ती मोबाईलवरून, अर्धीमुर्धी.

मध्यंतरी गट कार्यालयात एक वयस्क सभासद ऊस नोंदीसाठी आले होते. नोंद झाल्यावर हळूच म्हणाले, "साहेब, पोरगं तिकडं सालवडला हाय. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या शेडवर. डाक्टर म्हनला रक्तात शिसं वाढलंय. आन् मोबाईलवर आलंय की पेरू, सफरचंद खाल्लं की शिसं अंगातनं निघून जातंय. खरं हाय का हे? खरं असंल तर रोज किलोभर पेरू धाडतो."

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही. त्यात थोडे खरे आहे, आणि ते थोडे खरेच धोक्याचे ठरू शकते. म्हणून हा विषय धड्यासारखा मांडतो. शांतपणे वाचावा व घरात वाचून दाखवावा.

१. शिसे आपल्या घरात कोठून येते?

शिसे हा जड व मऊ धातू आहे. साधारण ३२७ अंश सेल्सिअसला तो वितळतो, म्हणजे चुलीवरच्या कढईतही वितळवता येतो. त्यामुळेच तो शेकडो वर्षे माणसाच्या हाताशी राहिला आणि म्हणूनच त्याचा त्रासही जुना आहे.

आज शिशाचा सर्वांत मोठा वापर बॅटरीत होतो. ट्रॅक्टर, ट्रक, इन्व्हर्टर यांच्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग शिशाचाच असतो. बॅटरी चालू असेपर्यंत ते आत बंद असते. ती फोडली, आतील ॲसिड जमिनीवर ओतले, प्लेटा भट्टीत वितळवल्या, की शिशाची धूळ व धूर मोकळा होतो. पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशात, डाकार शहराजवळच्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत २००७-०८ साली अठरा मुले दगावली. त्या वस्तीत जुन्या बॅटऱ्यांतील शिसे मातीतून वेचण्याचा धंदा चालत होता. मुले कारखान्यात कामाला नव्हती. ती फक्त त्या मातीत खेळत होती.

सालवड गाव बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला, तारापूर औद्योगिक क्षेत्राला लागून आहे. पास्थळ, कुंभवली, कोलवडे ही गावेही त्याच पट्ट्यातली. १९७० नंतरच्या दशकात तेथे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूरचा निर्देशांक ९३.६९ इतका, म्हणजे देशात सर्वांत वरच्या जागी होता. तेथील मुख्य प्रश्न रसायने, रंग, सांडपाणी यांचा आहे. तेथील प्रत्येक दुखणे शिशाचेच, असे कोणी समजू नये. परंतु मोठ्या वसाहतीच्या आसपास भंगाराचे छोटे धंदे वाढतात, आणि भंगारात जुनी बॅटरी असतेच. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या जाळ्यांनाही खालच्या दोरीला शिशाचे वजन लावलेले असते. ते घरीच वितळवून ओतण्याचा प्रकार झाला, तर तोच धूर घरात येतो.

आता आपण आपल्याकडे पाहू. शिसे फक्त बोईसरला आहे असे मुळीच नाही.

(अ) साखर कारखान्याची प्रयोगशाळा. रसाची पोल काढताना रस नितळ करण्यासाठी लेड सबॲसिटेट वापरण्याची पद्धत साखर धंद्यात शंभर वर्षांहून जुनी आहे. लेड म्हणजेच शिसे. तपासणीचा तो नमुना पुन्हा रसात जात नाही, त्यामुळे साखरेला धोका नाही. पण हाताळणाऱ्याने हातमोजे घातले पाहिजेत आणि गाळलेला साका मोरीत टाकता कामा नये. शिसेविरहित भुकटीही आता मिळते.

(आ) हळद. पिवळी धमक दिसावी म्हणून हळकुंडाला लेड क्रोमेट नावाचा शिशाचा रंग चोळण्याची लबाडी काही व्यापारी करतात. बांगलादेशात २०१९ साली बाजारातील जवळजवळ निम्म्या नमुन्यांत शिसे सापडले. तेथील सरकारने छापे घातले, दंड केला, लोकांना सांगितले आणि २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आले. आपण स्वतः हळद पिकवणारी माणसे. घरची हळद घरी दळावी, यासारखे उत्तम काही नाही.

(इ) कल्हई. कल्हई शुद्ध कथिलाची असली पाहिजे. कथील महाग आणि शिसे स्वस्त, म्हणून त्यात शिसे मिसळले जाते. अशा भांड्यात चिंचेचे सार, ताक, कढी ठेवली, की आंबटपणामुळे शिसे अन्नात उतरते.

(ई) शेंदूर. खरा जुना शेंदूर हा शिशाचाच ऑक्साईड आहे. मारुतीला शेंदूर लावावा, त्याला कोणाची ना नाही. लावल्यावर हात स्वच्छ धुवावेत आणि तान्ह्या पोराच्या कपाळाला लावू नये, एवढेच.

(उ) जुना ऑइलपेंट. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नसावे, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारे-खिडक्यांचे पोपडे निघत असतील तर ते कोरडे घासू नयेत. ओले करून काढावेत.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि रस्त्यावरच्या हवेतील शिशाचा मोठा उगम बंद झाला. कायद्याने उगम बंद करता येतो, याचा हा पुरावा आहे.

२. अंगात गेल्यावर ते काय करते?

शिसे शरीरात जाण्याच्या मुख्य वाटा दोन: श्वास आणि तोंड. धूर व बारीक धूळ फुप्फुसातून थेट रक्तात जाते. हाताला, भाकरीला, बिडी-तंबाखूला लागलेली धूळ पोटात जाते.

रक्तातले शिसे मोजण्याचे माप म्हणजे दर डेसिलीटर, अर्थात १०० मिलिलीटर रक्तात किती मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हे प्रमाण किती सूक्ष्म ते पाहा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. दर डेसिलीटरला १० मायक्रोग्रॅम शिसे निघाले, तर सगळ्या रक्तात मिळून ते भरते ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. आपल्या कारखान्याच्या साखरेचा एक बारीक दाणा वजनात साधारण एवढा किंवा थोडा जास्तच भरेल. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले आहे की, ५ मायक्रोग्रॅम निघाले तरी उगम शोधून तो थांबवावा. त्याच्या खालची अमुक पातळी सुरक्षित आहे, असे कोणीही सांगत नाही.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते. रक्तातले शिसे महिनाभरात साधारण निम्मे होते, पण ते सगळे बाहेर जात नाही. बराच भाग हाडात जाऊन बसतो. मोठ्या माणसाच्या अंगातील नव्वद टक्क्यांहून जास्त शिसे हाडात असते व तेथे ते वीस-तीस वर्षे राहते. बाई गरोदर राहिली, अंगावर पाजू लागली, की हाडातले कॅल्शियम बाहेर निघते आणि त्याबरोबर शिसेही निघून बाळाकडे जाते. म्हणजे आज लेकीच्या अंगात गेलेले उद्या नातवंडाला पोचते.

लक्षणे अशी: पोटात पीळ पडून कळा येणे, शौचास खडा होणे, भूक मंदावणे, तोंडाला धातूची चव, थकवा, रक्त कमी होणे, सांधे दुखणे, मनगट लुळे पडणे, हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ, रक्तदाब वाढणे. मुलांत लक्षणे दिसतातच असे नाही. मूल अभ्यासात मागे पडते, चिडचिडे होते, आणि आपण म्हणतो की पोर हूड आहे. मेंदूचे हे नुकसान भरून येत नाही. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालात जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे असल्याचा अंदाज दिला आहे. त्यांत भारतातील मुले सुमारे साडेसत्तावीस कोटी.

३. चोथा म्हणजे काय, आणि तो शिसे कसा धरतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चोथा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बगॅस येते. उसातला रस काढल्यावर जो राहतो तो चोथा. फळांत, भाजीत, धान्यातही असाच न पचणारा भाग असतो. त्याला तंतुमय पदार्थ म्हणतात. त्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत.

पहिला न विरघळणारा. बगॅस, गव्हाचा कोंडा, भाजीचे दोर हे त्यात येतात. तो पाणी धरतो, पोट साफ ठेवतो.

दुसरा विरघळणारा. त्यात मुख्य पेक्टिन. पेरूची जेली कापली तर वडीसारखी थरथरत उभी राहते, ती पेक्टिनमुळे. कवठ, करवंद, आवळा, सफरचंद, लिंबू-संत्र्याच्या सालीखालचा पांढरा गर यांत ते चांगले असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८२५ साली त्याला हे नाव दिले.

पेक्टिन शिसे कसे धरते, हे शेतकऱ्याला लगेच समजेल. काळ्या चिकण जमिनीच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ती जमीन पोटॅश, कॅल्शियम, अमोनिया धरून ठेवते. वाळूवर तो भार नसतो, म्हणून वाळूत टाकलेले खत पाण्याबरोबर वाहून जाते. पेक्टिनच्या लांब साखळीवर असाच ऋण भार असलेल्या जागा असतात. कॅल्शियम तेथे चिकटते व जेली घट्ट होते. शिसे तर कॅल्शियमपेक्षाही घट्ट चिकटते. चिकटलेले शिसे आतड्यातून रक्तात न जाता शौचावाटे बाहेर पडते. प्रयोगशाळेतील काचेच्या नळीत हे स्पष्ट दिसते. यात शंका नाही.

४. माणसावर काय दिसले?

नळीत दिसले ते पोटात तसेच होईल असे नाही. पोटात कॅल्शियम, लोह, जस्त, पित्त, आम्ल सगळे एकाच वेळी असते. एकाच जागेसाठी सगळेच धडपडतात. प्राण्यांवरील प्रयोगांत काहींत पेक्टिनचा उपयोग दिसला, काहींत फारसा दिसला नाही.

माणसांच्या बाबतीत दोन दाखले सांगण्यासारखे आहेत.

पहिला दाखला जुन्या सोव्हिएत रशियातील. शिशाचे काम करणाऱ्या कामगारांना तेथे ठरवून दिलेला संरक्षक आहार असे. त्यात रोज २ ग्रॅम पेक्टिन, किंवा त्याऐवजी गरासकट फळांचा ३०० ग्रॅम रस देत. म्हणजे एका मोठ्या देशाने ही गोष्ट नियमात घातली होती. पण तो आहार कामाच्या जागेची देखरेख, हवा खेळती ठेवणे, तपासणी यांच्या जोडीला होता. त्यांच्याऐवजी नव्हता.

दुसरा दाखला चीनमधील. हांगझौच्या मुलांच्या रुग्णालयात, रक्तात २० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे असलेल्या ५ ते १२ वर्षांच्या मुलांना लिंबूवर्गीय फळांपासून केलेले, बारीक तुकडे केलेले खास पेक्टिन रोज १५ ग्रॅम दिले. त्याचा अहवाल २००८ साली छापून आला. रक्तातले शिसे कमी झाले व लघवीतून जास्त बाहेर पडले, असे त्यात म्हटले आहे. मोबाईलवर जे फिरते त्याचे मूळ बहुधा हेच आहे. पण मुले किती? फक्त सात. शेजारी पेक्टिन न दिलेल्या मुलांचा गट नव्हता. मुले रुग्णालयात होती, म्हणजे शिशाच्या उगमापासून दूर होती, आणि उगम सुटला की रक्तातले शिसे आपोआपही उतरते. शिवाय अहवाल लिहिणाऱ्यांपैकी एकाचा अशा पेक्टिनच्या विक्रीशी संबंध होता.

आपण सात सऱ्यांवर नवीन खत टाकून पाहिले, शेजारी बिनखताची सरी ठेवली नाही, पाऊसही चांगला झाला आणि खत विकणाराच मापे घ्यायला बसला, तर त्या उताऱ्यावर आपण सगळ्या तालुक्याला शिफारस करू का? नाही करणार. तसेच हे आहे. प्रयोग आशादायक आहे, पण पुरावा म्हणून पुरा नाही.

आता हिशोब पाहू. ताज्या पेरूत पेक्टिन शेकडा एकच्या आसपास धरले, तर १५ ग्रॅमसाठी रोज दीड किलो पेरू लागतील, आणि तेही त्या खास पेक्टिनची बरोबरी करणार नाहीत. पण रशियातील २ ग्रॅमची मात्रा पाव किलोच्या आत, म्हणजे दोन मध्यम पेरूंत बसते. एवढे कोणीही खाऊ शकतो, आणि त्याचा तोटा काही नाही.

५. फळ असूनही विष: डेव्हनची कळ

इंग्लंडात डेव्हन परगण्यात सफरचंदाची मोठी पैदास. अठराव्या शतकात तेथे दरवर्षी हंगामानंतर पोटातील भयंकर कळांची साथ येई. माणसे लुळी पडत, मरतही. लोक म्हणत, सफरचंदाची दारूच आंबट म्हणून असे होते. १७६७ साली सर जॉर्ज बेकर या डॉक्टरांनी दाखवले की, तेथल्या चरकांत व हौदांत शिसे वापरलेले होते. आंबट रसात ते उतरत होते. शिसे काढून टाकले, तसा तो आजार मागे हटला.

यातला धडा आपल्या धंद्यातल्या माणसाला लगेच पटावा. सफरचंद हे पेक्टिनचे उत्तम फळ. पण रस काढला की चोथा चरकापाशी राहिला आणि शिसे तेवढे रसाबरोबर पोटात गेले. डेव्हनची माणसे वाचली ती जास्त सफरचंदे खाऊन नव्हे. चरक बदलला म्हणून वाचली. म्हणून फळ खायचे ते चावून, गरासकट खावे. गाळलेला रस म्हणजे फळ नव्हे.

आणखी एक गंमत, पण वाईट गंमत. शिशाचे एक क्षार चवीला गोड असते. त्याला 'शिशाची साखर' असेच नाव होते. मुले रंगाचे पोपडे आवडीने चघळतात त्याचे एक कारण हा गोडवा सांगतात. गोड लागले म्हणजे पौष्टिक, असे नाही.

६. चोथ्याहून जास्त पक्के काय आहे?

आहाराने शिशापासून बचाव होतो का? होतो, थोडाफार होतो. पण त्यातील पक्क्या गोष्टी पेक्टिनपेक्षा निराळ्या आहेत.

पहिली गोष्ट, रिकामे पोट. उपाशीपोटी पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसात साठ टक्क्यांपर्यंत शोषले जाऊ शकते. जेवणाबरोबर गेले तर साधारण दहा टक्क्यांच्या आत राहते. एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. आपली पोरे सकाळच्या पाळीला नुसता चहा घेऊन पळतात. ते बंद झाले पाहिजे. भाकरी-भाजी, पोहे, उसळ, काहीही, पण पोटभर खाऊन कामावर जावे. लहान मुलांत तर जवळजवळ निम्मे शिसे शोषले जाते. त्यांना उपाशी शाळेत धाडू नये.

दुसरी, लोह. आतड्यात लोह ज्या दारातून आत जाते, त्याच दारातून शिसेही शिरते. लोह कमी असले की शरीर ते दार सताड उघडते, आणि लोहाच्या जागी शिसे आत येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६९ टक्के मुले व सुमारे ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे आपल्या निम्म्याहून अधिक घरांत हे दार उघडेच आहे. पालेभाज्या, कडधान्ये, अळीव, लोखंडी तवा-कढई यांचा उपयोग करावा. जेवणाबरोबर लिंबू, आवळा किंवा पेरू घ्यावा. त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह चांगले लागते. पेरूचा खरा मोठा उपकार मला विचाराल तर हाच आहे. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तो लोह अडवतो.

तिसरी, कॅल्शियम. दूध, ताक, नाचणी, तीळ. बोईसर, पालघरकडे असाल तर सुकी मासळी. कॅल्शियम पुरेसे असले की शिशाला जागा कमी मिळते.

चौथा येतो चोथा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे २००० कॅलरीच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ असावेत, आणि दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे असावीत. पेरू आणि चिकू या दोन्ही फळांत १०० ग्रॅममागे पाच ग्रॅमच्या आसपास किंवा जास्तच चोथा असतो. पालघर जिल्ह्यात डहाणू-घोलवडचा चिकू प्रसिद्धच आहे. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सालवडला राहणाऱ्या पोराला आपण इकडून पेरू धाडण्यापेक्षा त्याने तेथलाच चिकू, पेरू, हंगामात जांभूळ घ्यावे. सफरचंदासाठी खिसा रिकामा करण्याचे कारण नाही. फळे व भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवावीत, कारण रस्त्याकडेच्या मालावर धूळ बसलेली असते.

यात एक इशारा. शिशाने शौचास खडा होतो, चोथ्याने पोट साफ होते. त्यामुळे फळे खाणाऱ्याला बरे वाटू लागते. पोट साफ झाले म्हणजे शिसे गेले, असे समजू नये. ते हाडात बसलेले असते. आणि श्वासातून फुप्फुसात गेलेले शिसे आतड्यातल्या पेक्टिनला भेटतच नाही. भट्टीवर काम करणाऱ्याच्या अंगात तर ते बरेचसे श्वासातूनच जाते. अशा माणसाला नुसते पेरू खायला सांगणे म्हणजे आजार म्हशीला आणि डाम पखालीला!

७. मग काय करावे?

(१) तपासणी. शिशाच्या कामावरील माणसाने रक्तातले शिसे तपासून घ्यावे व ठराविक काळाने पुन्हा तपासावे. आकडा लिहून ठेवावा. माती परीक्षणाचा कागद जसा जपता, तसा हा कागद जपावा.

(२) कामाची जागा बदलणे किंवा सुधारणे. आकडा चढता असेल तर त्या कामावरून दूर होणे हाच पहिला उपचार. शिसे-विषबाधा झाल्यास सरकारी यंत्रणेला कळवावे लागते. १९४८ च्या कारखाने कायद्यात ती कळवण्याच्या रोगांत होती व २०२० च्या कामगार सुरक्षा व आरोग्य संहितेच्या यादीतही आहे. कामामुळे झालेला रोग म्हणून भरपाईचा हक्कही मिळतो. पोराला सांगा, आजार लपवू नकोस, डॉक्टरांना काम कोणते ते स्पष्ट सांग.

(३) धूळ घरी आणू नये. कामाचे कपडे, बूट कामावरच ठेवावेत. अंघोळ करून घरी यावे. कपडे घरी धुवावेच लागले तर वेगळे धुवावेत. बापाच्या सदऱ्याला चिकटलेली धूळ रांगणाऱ्या लेकराच्या तोंडात जाते. कामावर भाकर, तंबाखू, बिडी हात-तोंड धुतल्याशिवाय नको.

(४) औषध रुग्णालयातच. शिसे बांधून लघवीवाटे काढणारी औषधे आहेत. मुलांत साधारण ४५ मायक्रोग्रॅम व त्यावर ती देतात. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, आणि उगम तोडल्यावरच घ्यायची. उगम चालू ठेवून औषध घेतले तर उलट जास्त शिसे आत ओढले जाण्याचा धोका असतो. बाजारात 'विष काढणारी' म्हणून मिळणारी पावडर व भस्मे मनाने घेऊ नयेत. काही भस्मांत शिसेच असते.

(५) आपली जुनी बॅटरी. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नये. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्यावी व बिलात तिची किंमत वजा करून घ्यावी. २००१ च्या नियमांपासून जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आली, आणि २०२२ च्या नव्या नियमांनी ती उत्पादकावर आणखी पक्की केली. दोन-चारशे रुपये जास्त मिळतात म्हणून आपण ती भंगारात देतो, आणि ती जाते कोठे? कोणत्या तरी गावच्या शेडमध्ये, कोणाच्या तरी पोराच्या हाताखाली. तो पोरगा आपल्याच शिवारातला असू शकतो.

(६) माती. रानात किंवा परसात बॅटरी फोडली असेल तर ती माती कुजून सुधारत नाही. शिसे नाहीसे होत नाही. तेथे मुळा, पालक, मेथी घेऊ नये, कारण शिसे मुळांत व पानांवरील धुळीत जास्त सापडते, फळांत कमी. सेंद्रिय खत, प्रेसमड भरपूर घालून आणि आम्ल जमीन असेल तर चुना देऊन शिसे जमिनीत बांधून ठेवता येते. लहान मुलांना ती जागा खेळायला देऊ नये.

तात्पर्य

फळांतला पेक्टिन पोटातले थोडे शिसे धरू शकतो, हे शास्त्राला धरून आहे. पण तो ढाल नव्हे. फार तर मदतनीस आहे. भरल्या पोटी काम, लोह, कॅल्शियम, रोज एखादे गरासकट फळ, ही आहाराची बाजू. तपासणी, धुळीपासून बचाव आणि उगम बंद करणे ही खरी बाजू. उसाला हुमणी लागली असता नुसते युरियाचे पोते ओतून पीक हिरवे दिसते, पण मूळ कुरतडलेलेच राहते. तसे होऊ देऊ नये.

त्या सभासदांना मी हेच सांगितले: पेरू जरूर धाडा, पण त्याआधी फोन करून पोराला शेडवरून काढा व रक्त पुन्हा तपासा. आपल्यापैकी ज्यांची मुले, जावई, भाचे बॅटरी, भंगार, रंग किंवा धातू ओतण्याच्या कामावर आहेत, त्यांनी येत्या आठवड्यात एवढी एक चौकशी करावी. गट कार्यालयात ऊस नोंदीला याल तेव्हा घरातील जुन्या बॅटरीची पावतीही बरोबर आणा. ती कोठे परत द्यायची, हे आमचे कर्मचारी सांगतील.

आपला,
ऊस विकास अधिकारी